विकायची नाही, पण बदलता येते!

एक कोडं सोडवून बघा. नाशिकचं एक जोडपं आहे असं धरा. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. नवरा आपली एक किडनी द्यायला एका पायावर तयार आहे. पण त्याचा रक्तगट ए आणि तिचा बी. डॉक्टर सांगतात, जुळत नाही. तिकडे सोलापुरात एक मायलेक आहेत. मुलाला किडनी हवी आहे, आई द्यायला तयार आहे. आईचा गट बी आणि मुलाचा ए. तिथेही तेच उत्तर मिळतं.

दोन घरं, दोन मरणाच्या दारातले रुग्ण आणि हात पुढे केलेली दोन धडधाकट माणसं. काय करायचं?

उत्तर तुम्हाला एव्हाना दिसलंच असेल. नवऱ्याची किडनी सोलापूरच्या मुलाला द्यायची आणि त्या आईची किडनी नाशिकच्या बाईंना. शाळेतलं पोरसुद्धा हे सांगेल. पण पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं 1954 साली, आणि अशी पहिली अदलाबदल झाली 1991 साली. मधली 37 वर्षं हे सोपं उत्तर कुठे अडकलं होतं? आणि ते मोठ्या प्रमाणावर राबवायला डॉक्टरांच्या जोडीला अर्थशास्त्रज्ञ आणि गणिती का लागले?

या प्रश्नाच्या मागे लागलं की आपण एका फार जुन्या भांडणात जाऊन पडतो. तत्त्व सांभाळायचं की जीव वाचवायचा? जग आहे तसं स्वीकारून व्यवहार बघायचा, की ते जसं असायला हवं तसंच वागायचं? एरवी हे भांडण वक्तृत्व स्पर्धेत रंगतं आणि टाळ्यांबरोबर संपतं. इथे मात्र त्याचा निकाल ऑपरेशन थिएटरमध्ये लागला. कसा, ते पाहण्यासारखं आहे.

आधी किडनी नावाचा चमत्कार पाहू. मुठीएवढा हा अवयव, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. दोन्ही किडन्यांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. प्रत्येकीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाला 180 लिटर द्रव त्या गाळतात, त्यातला उपयोगाचा भाग परत रक्तात सोडतात आणि उरलेलं दीड-दोन लिटर बाहेर टाकतात.

आणि खरी कमाल तर पुढे आहे. एवढं काम असूनही माणसाला एक किडनी पुरते! एक काढली की दुसरी काही काळात थोडी मोठी होते आणि बरंचसं काम अंगावर घेते. प्रत्यारोपणात नवी किडनी जुन्या जागी बसवत नाहीत. ती ओटीपोटात एका बाजूला बसवतात आणि जुन्या किडन्या सहसा तशाच राहू देतात. म्हणजे प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या पोटात बहुतेक वेळा तीन किडन्या असतात.

निसर्गाने प्रत्येकाला एक जास्तीची किडनी दिली आहे असं समजलं, तर एक अवघड प्रश्न लगेच उभा राहतो. ही जास्तीची किडनी कोणाची? ती देता येते, मग विकता का येऊ नये?

1954 च्या डिसेंबरमध्ये बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, तेव्हा हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही नव्हता. तेव्हाची अडचण वेगळी होती. आपलं शरीर परक्या अवयवावर तुटून पडतं. म्हणून डॉक्टरांनी एकसारखे जुळे भाऊ निवडले. ते खरोखर एकसारखे आहेत याची खात्री करायला एकाची कातडी दुसऱ्याला लावून पाहिली, बोटांचे ठसेसुद्धा घेतले. तरीही डॉक्टरांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. डॉक्टरकीचा पहिला नियम म्हणजे रुग्णाला अपाय करू नये. इथे तर ठणठणीत माणसाला टेबलावर झोपवून त्याचं पोट कापायचं होतं. त्यात त्याचा शारीरिक फायदा शून्य. म्हणजे पहिल्याच शस्त्रक्रियेत तत्त्वाला थोडी मुरड घालावी लागली. ती घालताना एकच आधार होता, देणारा आपल्या मर्जीने आणि प्रेमापोटी देतो आहे. घेणारा भाऊ आणखी आठ वर्षं जगला. देणारा भाऊ 2010 पर्यंत, वयाच्या 79 व्या वर्षापर्यंत, एका किडनीवर जगला.

मग 1980 च्या दशकात सायक्लोस्पोरिन नावाचं औषध आलं आणि सगळं चित्र पालटलं. शरीराचा तो हल्ला या औषधाने चांगलाच आवरता येऊ लागला. आता जुळा भाऊ नको, नात्यातला माणूसही नको. रक्तगट जुळणारा कोणीही अनोळखी माणूस चालणार होता. विज्ञानाने एक दार उघडलं आणि त्या दारातून आधी दलाल आत शिरला. कोणाचीही किडनी चालते म्हटल्यावर गरिबाच्या किडनीला भाव आला. भारत या बाजाराचं मोठं केंद्र बनला. चेन्नईत एका वस्तीतल्या इतक्या लोकांनी किडन्या विकल्या की त्या वस्तीला लोक किडनीच्याच नावाने ओळखू लागले.

जगाने यावर दोन उत्तरं दिली. पहिलं उत्तर तत्त्वाचं. अमेरिकेने 1984 मध्ये अवयवांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली. भारताने 1994 मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने काही राज्यांनी केंद्राला असा कायदा करण्याची विनंती केली होती. त्यात महाराष्ट्र आणि गोवा ही दोन राज्यं होती, हिमाचल प्रदेशाबरोबर.

दुसरं उत्तर व्यवहाराचं. इराणने 1988 मध्ये सरकारी देखरेखीखाली किडनीदात्याला मोबदला द्यायला सुरुवात केली. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 2007 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर हिशोब मांडला. किडनीला सुमारे 15,000 डॉलर द्या, किडनीसाठी थांबलेल्या रुग्णांची रांग संपेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही. खाणीत उतरणारा मजूर पैशासाठी जीव धोक्यात घालतोच ना? सर्जन पैसे घेतो, रुग्णालय पैसे घेतं, औषध कंपनी पैसे घेते. मग ज्याची किडनी जाते त्या एकट्यानेच फुकट का द्यायची? तुमच्या तत्त्वापायी माणसं मरताहेत त्याचं काय?

आहे उत्तर? तत्त्ववाद्यांना ते एका पाहणीने दिलं. 2001 मध्ये चेन्नईत किडनी विकलेल्या 305 जणांशी संशोधक बोलले आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 96 टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. हातात आले सरासरी 1,070 डॉलर. मग कर्ज फिटलं का? चारांतले तीन जण पाहणीच्या वेळीही कर्जातच होते. कुटुंबाचं उत्पन्न वाढायच्या ऐवजी सरासरी एक तृतीयांशाने घटलं होतं. बहुतेकांनी तब्येत ढासळल्याचं सांगितलं. आमच्यासारखं करू नका, असं 79 टक्के लोक म्हणाले. यावर व्यवहारवादी म्हणतील, हा तर चोरबाजार होता, आम्हाला कायदेशीर बाजार हवा आहे. पण व्यवहाराचा सगळा डोलारा दोघांचाही फायदा होतो यावर उभा असतो, आणि इथे विकणारा तर खड्ड्यात गेला होता.

दोन्ही बाजू खऱ्या. एका बाजूला रांगेत मरणारे रुग्ण, दुसऱ्या बाजूला नागवले गेलेले विक्रेते. इथे बहुतेक चर्चा अडकतात. काही डोक्यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. पैसा मध्ये न आणता, कोणालाही न नाडता, किती जीव वाचवता येतात ते तर आधी मोजून पाहू!

1986 मध्ये फेलिक्स रापापोर्ट या शल्यचिकित्सकांनी अदलाबदलीची कल्पना मांडली. 1991 मध्ये दक्षिण कोरियात ती प्रत्यक्षात आली. आपल्याकडे साटंलोटं असतं ना, या घरची मुलगी त्या घरात आणि त्या घरची या घरात, एकाच मांडवात दोन लग्नं, हुंड्याचा प्रश्नच मिटला, तसाच हा मामला. फरक एवढाच की साटंलोट्यात मुलींना सहसा कोणी विचारत नसे, आणि इथे दात्याच्या होकाराशिवाय पानही हलत नाही. या फरकातूनच पुढची सगळी गंमत घडते.

पण त्याआधी एक सूक्ष्म अडचण. अदलाबदल हासुद्धा मोबदलाच नाही का? मी किडनी देतो, बदल्यात माझ्या बायकोला किडनी मिळते. पैशाऐवजी किडनीने किंमत चुकवली, एवढंच! अमेरिकेच्या कायद्यात कोणत्याही मौल्यवान मोबदल्याला बंदी होती, त्यामुळे रुग्णालयांचे वकील धास्तावलेले. अखेर 2007 मध्ये तिथे कायदा दुरुस्त करून स्पष्ट केलं गेलं, अदलाबदल म्हणजे विक्री नव्हे. भारताच्या 1994 च्या कायद्यात अदलाबदलीचा उल्लेखच नव्हता. 2011 च्या दुरुस्तीने तिला जागा मिळाली. त्याच दुरुस्तीने अवयवांच्या धंद्याची शिक्षा पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड इतकी कडक केली. एका हाताने दार उघडलं, दुसऱ्या हाताने कुलूप घट्ट केलं!

विक्री आणि अदलाबदल यांत खरा फरक कोणता? विक्रीत किडनी सहसा गरिबाकडून श्रीमंताकडे जाते. अदलाबदलीत दोन्ही घरं एक किडनी देतात आणि एक घेतात. शेठजींची किडनी आणि हमालाची किडनी यांचं मोल तिथे अगदी सारखं. पैशाला तिथे तोंडच उघडता येत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च अर्थातच चुकत नाही, पण खुद्द किडनीच्या देवघेवीत श्रीमंतीचं काही चालत नाही.

आता गणिती मंडळींचा प्रवेश. 1974 मध्ये लॉइड शेपली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी एक निव्वळ कागदी कोडं मांडलं होतं. समजा काही लोकांकडे एकेक घर आहे, प्रत्येकाला दुसऱ्या कोणाचं तरी घर जास्त आवडतं आणि पैसा वापरायला बंदी आहे. मग अदलाबदल कशी करायची? डेव्हिड गेल यांनी सुचवलेली युक्ती ऐकून थक्क व्हायला होतं. सगळ्यांना एका मैदानात उभं करा आणि प्रत्येकाला आपल्या सगळ्यात आवडत्या घराच्या मालकाकडे बोट दाखवायला सांगा. स्वतःचंच घर आवडत असेल तर बोट स्वतःकडे. मग बोटांच्या दिशेने चालत निघा. माणसं मोजकी आहेत, त्यामुळे कधी ना कधी तुम्ही आधी भेटलेल्या माणसापाशी परत येणारच. म्हणजे कुठे तरी वर्तुळ पूर्ण होतंच! त्या वर्तुळातल्यांनी घरं बदलायची, घरी जायचं, उरलेल्यांनी परत बोटं दाखवायची. पुढे अल्विन रॉथ यांनी 1982 मध्ये सिद्ध केलं की या पद्धतीत खोटं बोलून कोणाचाच फायदा होत नाही. माणसं प्रामाणिक असतील अशी आशा धरायची गरजच नाही, कारण लबाडीतून काही मिळतच नाही!

हे सगळं कितीतरी वर्षं शोधनिबंधांत पडून होतं. रॉथ, तैफून सन्मेझ आणि उत्कू युन्वर यांनी 2004 मध्ये ते किडनीला लावलं. घराच्या जागी दाता, मालकाच्या जागी रुग्ण. पैसा न वापरण्याची अट कोड्यात सहज घातली होती. खऱ्या जगात ती अट कायद्यानेच घालून ठेवली होती! 2012 मध्ये रॉथ आणि शेपली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

जुळणी अवघड का असते, याचंही एक अजब कारण आहे. रक्तगट हा पहिला चाळणा. ओ गटाची किडनी कोणालाही चालते, पण ओ गटाच्या रुग्णाला फक्त ओ गटाचीच चालते. युरोप-अमेरिकेत बी गट विरळ आहे, आपल्याकडे तो भरपूर आढळतो. त्यामुळे नाशिक-सोलापूरसारख्या ए-बी जोड्या भारतात मुबलक मिळतात. दुसरा चाळणा असतो प्रतिपिंडांचा. आधी रक्त घेतलं असेल, प्रत्यारोपण झालं असेल किंवा बाळंतपण झालं असेल, तर शरीर परक्या पेशींच्या खुणा लक्षात ठेवून बसतं. बाळंतपण का? कारण बाळाच्या पेशींवर निम्म्या खुणा बापाच्या असतात. आईचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. वर्षांनंतर बायकोला किडनी हवी असते, नवरा द्यायला तयार असतो आणि तिचं रक्त मात्र ती किडनी ओळखून नाकारतं. त्यांच्याच लेकरामुळे!

आता या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग. नाशिक-सोलापूरची अदलाबदल ठरली. सोमवारी नवऱ्याची किडनी सोलापूरच्या मुलाला दिली, मंगळवारी त्या आईने द्यायची. मंगळवारी सकाळी आई म्हणाली, मला भीती वाटते, मी देत नाही. काय कराल?

काहीच करता येत नाही! वचन दिलं म्हणून माणसाला दोरीने बांधून त्याची किडनी काढणं कोणत्याही सभ्य समाजात शक्य नाही. तिच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर किडनीची किंमत ठरवावी लागेल, आणि किंमत ठरवायला तर बंदी आहे. दाता शेवटच्या क्षणापर्यंत माघार घेऊ शकतो, हे तत्त्व अजिबात सोडायचं नाही. मग नाशिकच्या जोडप्याचं काय? नवऱ्याची किडनी गेली, बायकोला काही मिळालं नाही आणि परत अदलाबदल करायला हातात काही उरलं नाही. तेल गेलं, तूपही गेलं.

यावर काढलेला तोडगा साधा आणि महाकठीण आहे. सगळ्या शस्त्रक्रिया एकाच वेळी करायच्या. दोन जोड्या म्हणजे चार थिएटरं, चार पथकं आणि एकाच घटकेला भूल. तीन जोड्या म्हणजे सहा थिएटरं. सहा मोकळी थिएटरं एका वेळी कोणत्या रुग्णालयात मिळणार? म्हणून सहसा तीन जोड्यांपेक्षा मोठं वर्तुळ करायचं नाही, अशी मर्यादा पडली.

या मर्यादेने गणितात काय उत्पात केला पाहा. फक्त दोन-दोन जोड्यांची अदलाबदल करायची असेल, तर जॅक एडमंड्स यांनी 1965 मध्ये शोधलेल्या पद्धतीने संगणक चटकन सर्वोत्तम उत्तर देतो. वर्तुळ कितीही मोठं चालेल म्हटलं, तरीही उत्तर सहज निघतं. पण दोन किंवा तीनच, त्यापुढे नाही, असं म्हणालात की तोच प्रश्न संगणकशास्त्रातल्या अत्यंत अवघड प्रश्नांच्या पंक्तीत जाऊन बसतो. हमखास झटपट उत्तर देणारी पद्धत अशा प्रश्नांसाठी आजवर कोणालाच सापडलेली नाही. 2007 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी खास युक्त्या वापरून 10,000 जोड्यांपर्यंतची जुळणी करून दाखवली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

जरा थांबून ही साखळी उलट वाचा. गणित अवघड का झालं? वर्तुळ तीनवर थांबलं म्हणून. ते का थांबलं? सगळं एकाच वेळी करायचं म्हणून. एकाच वेळी का? कारण माणसाला त्याच्या शरीराबाबत दिलेल्या शब्दात कायद्याने अडकवायचं नाही, हे ठरलेलं आहे म्हणून. माणसाच्या स्वातंत्र्याविषयीचं एक तत्त्व थेट संगणकाच्या पोटात जाऊन बसलं आणि तिथलं गणित त्याने बदलून टाकलं!

हे स्वातंत्र्य कागदावरच राहू नये म्हणून काय केलं जातं, तेही ऐका. दात्याला एकट्याला खोलीत बसवून विचारतात. त्याला नको असेल, तर अनेक प्रत्यारोपण केंद्रं घरच्यांना एवढंच सांगतात, हा दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. नकाराचं खापर दात्यावर फुटत नाही. सत्याचा आग्रह धरणाऱ्या वैद्यकशास्त्राने माणसाचं स्वातंत्र्य राखायला थोडी झाकपाक पत्करली! तत्त्व वाचवायला दुसऱ्या तत्त्वाला जराशी मुरड, हा व्यवहारच नाही तर काय?

आपल्याकडे याची गरज जास्तच आहे. भारतात जिवंत किडनीदात्यांमध्ये बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त असतात आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त. बाजाराला बंदी घातली म्हणून घरातला दबाव नाहीसा होत नाही. म्हणूनच 2014 च्या नियमांत स्त्री दात्याची संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यायला सांगितलं आहे. प्रेमाने दिलेलं दान म्हणून ज्या आदर्शाचे आपण गोडवे गातो, त्याच्यावरही पहारा ठेवावा लागतो.

एकाच वेळी शस्त्रक्रिया करण्याची अट कधी सोडता येईल का? येते! 2007 मध्ये अमेरिकेत डॉ. मायकेल रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. समजा एखादा परोपकारी माणूस पुढे आला. त्याचा स्वतःचा कोणी रुग्ण नाही, त्याला कोणालाही किडनी द्यायची आहे. ती पहिल्या जोडीतल्या रुग्णाला दिली. मग त्या जोडीतल्या दात्याने दुसऱ्या जोडीला द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्या जोडीला. इथे प्रत्येक जोडीला आधी मिळतं आणि मग द्यायचं असतं. मध्येच कोणी शब्द फिरवला, तर पुढच्या जोडीचं काय जातं? निराशा होते, पण त्यांचा स्वतःचा दाता अजून शाबूत असतो. ते होते तिथेच राहतात, आधीपेक्षा वाईट अवस्थेत जात नाहीत. माघार घेणं तितकंच सोपं राहिलं, पण तिचा तोटा सोसणारं कोणी उरलं नाही!

मग चार-सहा थिएटरांची अट गेली. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरी. किडनी बर्फात ठेवून विमानाने नेता येते. 2009 मध्ये या पहिल्या साखळीचा अहवाल आला, तेव्हा तिच्यात दहा प्रत्यारोपणं झाली होती. 2011 मध्ये एका साखळीने चार महिन्यांत 30 किडन्या 30 रुग्णांपर्यंत पोचवल्या, 11 राज्यांतल्या 17 रुग्णालयांत. स्वतःच्या माणसाला किडनी मिळून गेली आहे, शब्द मोडला तर कोणी विचारणार नाही, अशा स्थितीत ही माणसं अनोळखी माणसासाठी टेबलावर जाऊन झोपत होती. बहुसंख्य साखळ्यांत शब्द पाळला जातो. माणूस स्वार्थी आहे असं धरून सगळी रचना केली, आणि त्या रचनेने त्याच्या चांगुलपणाला वाट करून दिली!

इटलीतल्या पादुआमध्ये 2018 साली आणखी पुढचं पाऊल पडलं. तिथे साखळीची सुरुवात मृत दात्याच्या किडनीने झाली. भारतात कोणत्याही अनोळखी माणसाला किडनी देण्याचा मार्ग फार अरुंद आहे, कारण त्या वाटेने दलाल येतो हे आपण अनुभवलं आहे. आपला कायदा अदलाबदल करू देतो ती जवळच्या नातेवाइकांच्या जोड्यांमध्ये. म्हणजे जोडीदार, आई-वडील, मुलं, भावंडं आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. तीही प्राधिकार समितीच्या परवानगीने. 2013 मध्ये मुंबईत पाच जोड्यांची अशी अदलाबदल वेगवेगळ्या रुग्णालयांत एकाच वेळी पार पडली.

यातून सगळं सुरळीत झालं का? नाही. किडनीचे काळे धंदे अजून पकडले जातात. रांगा आहेतच. ओ गटाच्या रुग्णांना अदलाबदलीतही जास्त थांबावं लागतं, कारण ज्यांचा दाता ओ गटाचा आहे त्यांना रक्तगटामुळे अदलाबदलीची गरज सहसा पडत नाही. तत्त्व पाळायची किंमत आजही कोणीतरी मोजतो आहे, आणि ते लपवून तत्त्वाचा उदोउदो करणं लबाडी ठरेल.

पण या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष मला तरी स्पष्ट दिसतो. किडनी विकू द्यायची नाही, या हट्टाला व्यवहारी मंडळी भाबडेपणा म्हणत होती. तो हट्ट सोडला असता तर पैसे टाकून प्रश्न मिटवण्याचा सोपा रस्ता मिळाला असता, आणि बोटं दाखवणारी माणसं, उलट्या क्रमाच्या साखळ्या, विमानाने जाणाऱ्या किडन्या यांतलं काहीही कोणाला शोधावं लागलं नसतं. आणि नुसता हट्ट धरून बसले असते, तरीही यातलं काही घडलं नसतं. नाही म्हणणाऱ्याची जबाबदारी नाही म्हणून संपत नाही. त्या नकारामुळे जो अडतो, त्याच्यासाठी दुसरी वाट शोधायचं काम तिथूनच त्याच्या गळ्यात पडतं.

आणि एक व्यवहाराचीच गोष्ट. तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी डायलिसिसवर असेल, द्यायला माणूस तयार असेल आणि डॉक्टरांनी जुळत नाही असं सांगितलं असेल, तर तिथे थांबू नका. रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला सरळ विचारा : अदलाबदलीच्या यादीत आमच्या जोडीचं नाव घालता येईल का? जुळणारी दुसरी जोडी कुठे तरी असू शकते, पण दोन्ही नावं यादीत असल्याशिवाय ती कोणालाच सापडणार नाही.